बॉनेटखालून डिकीत

"ताई, शील पॅक बॅटरी हाय ही. डिकीत काय, देवघरात ठेवा," असे म्हणून स्टेशन रोडवरचा दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला काही खपवायची घाई होती असे नाही. जे वर्षानुवर्षे सांगत आला तेच त्याने मला सांगितले. काउंटरवरची ती बॅटरी होतीही तशीच. वरची पाठ गुळगुळीत, पूर्वीसारखी फिरवायची सहा झाकणे नाहीत, एका कोपऱ्यात हिरवा डोळा आणि त्याखाली 'पाणी घालण्याची गरज नाही' अशा अर्थाचा मजकूर. मी ती हातांनी थोडी वळवून पाहिली, तर झाकणाच्या आडव्या कडेला एक बारीक भोक दिसले. दुसऱ्या टोकालाही तसेच एक. "सील आहे तर मग हे भोक कशाला?" मी विचारले. "त्ये असतंयच," तो म्हणाला. मी बॅटरी न घेता घरी आले, पण ते भोक काही डोक्यातून जाईना.

गाडी बाबांची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, जेमतेम 40 अश्वशक्ती, स्टिअरिंगखालच्या दांडीचे गिअर, बाकीचे काही सांगायला नको. तिचे पत्र्याचे काम काढले तेव्हा डेंटरने बॅटरीचा ट्रे उचलला आणि तो हातातच मोडला. ट्रेच्या खाली, मडगार्डच्या आतल्या अंगाला पत्रा म्हणून जे होते ते बोट लावले की पापुद्र्यांनी सुटत होते. बाकीच्या गाडीला गंज लागला तो पावसाचा. इथला गंज ॲसिडचा होता, आणि त्याचा रंगही वेगळा, पिवळट तपकिरी, मध्ये पांढऱ्या भुकटीच्या रेघा. नवीन पत्रा बसला, वेल्डिंग घासून झाले, प्रायमर लागला, आणि तो गुळगुळीत राखाडी कोपरा पाहून मला वाटले की इथे पुन्हा बॅटरी नकोच. शिवाय इंजिनाची सगळी धग तिथे येते, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, हे बॅटरीच्या धंद्यातले सगळे मानतात. डिकी रिकामीच असते. स्टेपनी, जॅक आणि बाबांची एक जुनी चादर. बॅटरी मागे न्यायचा बेत ऐकून मिस्त्री हसले. बॅटरी डिकीत नेतात ते शर्यतवाले, पुढच्या चाकांवरचे वजन कमी करण्यासाठी. पद्मिनीचा तोल साधून ही बाई कुठे निघाली आहे, अशी गॅरेजमधल्या पोरांत काही दिवस चर्चा होती.

माझ्या लहानपणी बॅटरी ही दुर्लक्ष करण्याची वस्तू नव्हती. रविवारी सकाळी बाबा बॉनेट उघडून सहाही झाकणे एका ओळीत मडगार्डवर मांडायचे आणि आत डोकावून पाहायचे. प्लेटांच्या वर बोटाच्या पेराइतके पाणी हवे, कमी असेल तर पेट्रोलपंपावरून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीतून बारीक धार. मग काचेची पिचकारी. तिच्यातला लाल, पांढरा, हिरवा पट्ट्यांचा तरंगक वर येतो की खाली बसतो हे पाहायचे काम माझे असे. टर्मिनलवर चढलेली निळसर हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतली की ती फसफसून वाहून जाई आणि खालचे शिसे करड्या रंगात उघडे पडे. त्यावर व्हॅसलीनचा हात. आई या सगळ्यावर चिडायची ती कपड्यांमुळे. ॲसिडचा शिंतोडा सुती पँटवर पडला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. कपडा धुवून, पिळून दोरीवर टाकला की मग मांडीवर तिळाएवढी भोके उमटतात, कडा बारीक झालेल्या, जणू तिथला धागा कधी नव्हताच. बाबांच्या सगळ्या घरगुती पँटी अशा होत्या. एकदा चार्जिंगवर लगाम ठेवणारा रेग्युलेटर बिघडला आणि लांबच्या प्रवासात बॅटरी जास्त चार्ज होत राहिली, तेव्हा बॉनेटमधून सडक्या अंड्याचा वास आला होता. बाबांनी गाडी बाजूला घेतली, आम्हा सगळ्यांना उतरवले आणि बॉनेट उघडून दहा पावले लांब उभे राहिले. त्यांनी तेव्हा काही समजावून सांगितले नाही, पण हातातली विडी मात्र पेटवलीही नाही.

ते वायू आता त्या बारीक भोकातून बाहेर पडतात. इतकाच काय तो फरक.

चार्जिंग पूर्ण होत आले की आत येणाऱ्या विजेला प्लेटांवर काम उरत नाही, आणि ती ॲसिडमधल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करत सुटते. जुन्या बॅटरीच्या जाळ्यांत शिशाला बळकटी म्हणून अँटिमनी असे, आणि त्या अँटिमनीमुळे हा प्रकार लवकर सुरू होई. म्हणून पाणी लवकर आटे आणि बाबांचा रविवार त्यात जाई. पुढे अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आले, पाणी आटायचे प्रमाण फारच कमी झाले, उडालेली वाफ झाकणातल्या चक्रव्यूहातून थंड होऊन परत खाली ठिबकू लागली, आणि उत्पादकांना झाकणे बंद करून टाकणे परवडू लागले. आज दुकानात 'मेंटेनन्स फ्री' म्हणून मिळते ती ही बॅटरी. आत मात्र अजूनही मोकळे, डुचमळणारे ॲसिड आहे. आडवी झाली तर ते त्या भोकातून ठिबकते आणि जास्त चार्ज झाली तर हायड्रोजन त्याच भोकातून निघतो. दुकानदाराच्या लेखी ती सील आहे, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला पाणी घालावे लागत नाही. बॉनेटखाली ठेवणाऱ्याला हा अर्थ पुरतो. रेडिएटरच्या जाळीतून येणारा वारा सगळे घेऊन जातो आणि कोणाला काही कळत नाही.

डिकीत वारा नाही. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि बंद डिकीच्या वरच्या कोपऱ्यात, झाकणाच्या आतल्या अंगाला, तो साचायला कोणाची हरकत नसते. पद्मिनीत पेट्रोलची टाकीही मागेच आहे. डिकीतल्या दिव्याचे बटण झाकण उघडताच ठिणगी पाडू शकते. आणि मागच्या सीटची पाठ काढून पाहिली तेव्हा डिकी आणि माणसे यांच्यामध्ये एक पुठ्ठ्यासारखी फळी निघाली, तीही कडांना वाकलेली. म्हणजे डिकीतली हवा ती गाडीतली हवा. हे सगळे एकत्र घडेल अशी शक्यता थोडी असेल, पण ज्या सीटवर माझी भाचरे झोपून प्रवास करतात तिच्या मागे बॅटरी ठेवायची तर शक्यता थोडी आहे यावर भागवून घ्यावे असे मला वाटले नाही.

कारखान्यातूनच बॅटरी मागे घेऊन आलेल्या गाड्या काही नवलाच्या नाहीत. 1959 च्या मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून पुढची सगळी जागा वापरून टाकली आणि बॅटरी डिकीच्या तळातल्या खळग्यात गेली. बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांत ती मागे असते. मला उपयोगी पडले ते 1989 मध्ये आलेल्या छोट्या माझदा एमएक्स-5 चे उदाहरण, कारण तिथे डिकीत सील्ड एजीएम प्रकारची, म्हणजे आत मोकळे ॲसिड नसलेली, बॅटरी आहे आणि तरीही तिच्यापासून गाडीबाहेर जाणाऱ्या नळ्या आहेत. म्हणजे ज्यांनी गाडी काढली त्यांनी दुहेरी खबरदारी घेतली. हे वाचल्यावर माझा निर्णय अर्धा झाला.

एजीएममध्ये प्लेटांच्या मध्ये काचेच्या अतिसूक्ष्म धाग्यांची गादी दाबून बसवलेली असते. दिव्याची वात तेल धरून ठेवते तसे ही गादी ॲसिड धरून ठेवते; सांडायला मोकळे असे काही उरत नाही. आणि गादी पूर्ण भिजवलेली नसते, थोडी कोरडी ठेवतात, त्या रिकाम्या वाटांनी धन प्लेटवरचा ऑक्सिजन पलीकडे ऋण प्लेटवर पोचतो आणि तिथे त्याचे परत पाणी होते. वायू बाहेर पडण्याआधीच आतल्या आत जिरतो. वर एक झडप असते, आतला दाब मर्यादेबाहेर गेला तरच ती उघडते. म्हणजे इथेही भोक आहे, पण त्याला दार आहे. याच कुळातला दुसरा प्रकार जेलचा, 1950 च्या दशकात जर्मनीत निघालेला, ज्यात ॲसिड सिलिका घालून घट्ट केलेले असते. तो मी बाजूला ठेवला. एका दमात खूप करंट द्यायला जेल नाखूश असते, आणि चार्जिंगचे व्होल्टेज जरा चढले की तिच्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या पडतात त्या कायमच्या.

खरा मोह पडला तो यूपीएसच्या बॅटरीचा. बँकांच्या, दवाखान्यांच्या यूपीएसमध्ये ज्या एसएमएफ (सील्ड मेंटेनन्स फ्री) म्हणून असतात त्या खऱ्याच झडपेच्या, खऱ्याच सांडत नाहीत, सहज मिळतात आणि गाडीच्या एजीएमपेक्षा स्वस्त पडतात. मिस्त्रींनीच सुचवले, "ताई, 42 एएचची टाका की, काय फरक पडतोय." फरक प्लेटांच्या जाडीत आहे. यूपीएसला मिनिटे, तास असा संथ भार ओढायचा असतो, म्हणून प्लेटा जाड आणि मोजक्या. सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, एक-दोन सेकंदांसाठी दीड-दोनशे अँपिअर हवे असतात, त्यासाठी पातळ प्लेटा आणि त्याही भरपूर लागतात, करंटला पृष्ठभाग मिळावा म्हणून. यूपीएसच्या बॅटरीवर एएच, म्हणजे साठवणीचे अँपिअर-तास, छापलेले असते, थंडीत सेल्फ फिरवायची क्षमता सांगणारा सीसीएचा आकडा नसतो. तो नाही यातच उत्तर आहे. चालतात अशा गाड्या, मी पाहिल्या आहेत. एका थंड सकाळी गगनबावड्याच्या घाटात उभे राहून तो प्रयोग करायची मला हौस नाही. ईएफबी नावाची एक मधली जात दुकानदार एजीएमच्या नावावर पुढे करतात, आपोआप इंजिन बंद-चालू होणाऱ्या गाड्यांसाठीची. ती चांगली आहे, टिकाऊ आहे, पण आत मोकळेच ॲसिड. माझ्या कामाची नाही.

एजीएम घ्यायची म्हटल्यावर लक्ष बॅटरीवरून उठून रेग्युलेटरवर गेले, आणि हा भाग बहुतेक जण विसरतात असे माझे मत झाले आहे. जुन्या बॅटरीत जास्त चार्ज होऊन पाणी उडाले तर बाटली घेऊन रविवारी भरून काढता येई. एजीएमच्या झडपेतून जे गेले ते गेले. परत घालायला दारच नाही, गादी सुकत जाते आणि बॅटरी एक दिवस वरून कसलीही खूण न दाखवता संपते. म्हणून पैसे मोजण्याआधी जुन्याच बॅटरीवर मल्टिमीटर लावून बसले. इंजिन निवांत फिरताना, मग ॲक्सिलरेटर दाबून, मग हेडलाइट लावून. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या आत स्थिर राहायला हवा होता. आमच्या जुन्या, संपर्काच्या पट्ट्यांच्या रेग्युलेटरवर तो इंजिनचा वेग वाढला की पंधराला शिवून येई. पाण्याच्या बॅटरीने ते इतकी वर्षे कुरकुर न करता सोसले होते. एजीएमने ते एक उन्हाळाही सोसले नसते. आधी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला, आकडा 14.2 वर येऊन टेकला, आणि मगच पुन्हा दुकानाची पायरी चढले.

या वेळी दुसरे दुकान. गाडीची एजीएम आपल्याकडे अजून महागड्या गाड्यांसाठीच ठेवतात, त्यामुळे ती दुकानात कित्येक महिने पडून असते आणि पडल्या पडल्या म्हातारी होते. तारखेचा कोड वाचून घ्यावा आणि दुकानातच मीटर लावावा, हे दोन्ही मी संकोच न करता केले. पूर्ण चार्ज असलेली एजीएम 12.8 व्होल्टच्या वर दाखवते. पहिल्या डब्यातून काढलेली 12.4 होती, ती परत ठेवायला सांगितली, दुसरी 12.9 निघाली. 60 एएच, 680 अँपिअर सीसीए, 242 बाय 175 बाय 190 मिलिमीटरची पेटी, वजन सतरा-अठरा किलो. पद्मिनीला इतकी ताकद लागत नाही हे खरे, पण याहून लहान एजीएम आमच्या गावात मिळत नव्हती आणि डिकीत जागेची ओढ नव्हती. एक बारीक गोष्ट इथे सांगून ठेवते. या युरोपीय मापाच्या बॅटरीचे टर्मिनल जाड असतात, धन साडेएकोणीस मिलिमीटरच्या आसपास, आणि मारुतीसारख्या गाड्यांचे बारीक. क्लॅम्प त्या मापाचेच घ्यावेत. हातोडीने ठोकून बसवलेला किंवा पत्र्याची पट्टी कोंबून घट्ट केलेला क्लॅम्प दोन-चार महिन्यांत तापायला लागतो.

मग केबल. बॉनेटखाली हातभर केबल होती, आता डिकीतून सेल्फपर्यंत साधारण पाच मीटर. वायरमनकडे 16 चौरस मिलिमीटरची तयार होती आणि तो म्हणत होता की जाडीने काही होत नाही. होते. तांब्याचा रोध ठाऊक असला की हिशेब कागदाच्या कपट्यावर मांडता येतो: 200 अँपिअर ओढताना 16 च्या केबलमध्ये पाच मीटरला एक व्होल्टहून थोडे जास्त पडते, 35 च्या केबलमध्ये अर्धा, 50 च्या केबलमध्ये एक-तृतीयांश. सेल्फ फिरताना बॅटरीच मुळी साडेदहा-अकरावर आलेली असते, त्यातला एक व्होल्ट वाटेत गमावणे म्हणजे महागडी बॅटरी घेऊन तिला मुद्दाम म्हातारी करणे. 50 घेतली. अर्थिंगची वायर डिकीतच बॉडीच्या जाड पत्र्याला, रंग खरवडून; आणि पुढे इंजिन व बॉडी यांच्यातला जुना वेणीचा पट्टाही बदलला, कारण परतीचा सगळा करंट आता त्यातूनच जाणार.

ही पाच मीटर केबल कायम जिवंत असते, चावी काढली तरी. सीटखालून, दाराच्या उंबऱ्याच्या आतून जाताना तिचे आवरण कुठे पत्र्याच्या धारेवर घासले तर बॅटरी हजाराच्या वर अँपिअर ओतू शकते. आणि बॅटरी जितकी चांगली तितके ते ओतणे जोरदार. त्यामुळे बॅटरीपासून वीतभर अंतरावर 250 अँपिअरचा मोठा फ्यूज, पत्र्यातून जाते तिथे प्रत्येक ठिकाणी भोकाच्या धारेला रबरी कडे (ग्रॉमेट), आणि मार्ग एक्झॉस्टच्या व पेट्रोलच्या पाइपच्या विरुद्ध अंगाने. ही कामे दिसत नाहीत आणि बिल वाढवतात. बॅटरीची बैठक उद्यमनगरात करून घेतली. तिथल्या माणसाने कोन-पट्टीची चौकट केली, वरून आडवी पट्टी आणि दोन लांब स्टड. त्याने वेल्ड थंड झाल्यावर चौकट हातात घेऊन तिच्यावर आपला सगळा भार टाकून पाहिला आणि म्हणाला, "गाडी उलटी झाली तरी ही जागची हलणार नाही." गाडी उलटी व्हावी अशी इच्छा नाही, पण अठरा किलो शिसे टकरीच्या वेळी पुठ्ठ्याच्या फळीमागे सुटे असू नये, हे त्याला न सांगता कळले होते.

बाबांना हे सगळे पटले नाही. त्यांनी हिशेबाचा कागद पाहिला, केबल बोटांनी दाबून पाहिली, तिचे कौतुक केले, आणि शेवटी म्हणाले, "अगं, पण दिसणार कशी ती?" मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला आता पाहायला लागणारच नाही." ते काही बोलले नाहीत. मला त्या उत्तराचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी ते जरा कठोरही वाटले. त्यांच्या पाहण्याला नुसत्या पाण्याचे कारण नव्हते. झाकणे उघडली की त्या निमित्ताने पंख्याचा पट्टा दाबून पाहिला जाई, रेडिएटरची गळती दिसे, एखादी वायर सुटलेली सापडे. ज्या बॅटरीत बघण्यासारखे काही नाही ती घेताना मी हे बाकीचे बघणेही काढून घेते आहे का, हा प्रश्न मला पडला आणि तो सुटलेला नाही. मधला मार्ग म्हणून बॉनेटखाली, जुन्या ट्रेच्या जागी, झाकणाची एक धन टर्मिनलची खुंटी काढून घेतली; कधी दुसऱ्या गाडीवरून चालू करायची वेळ आली तर डिकी उघडायला नको. बाबा आता तिथे मीटर लावतात. आकडा वहीत लिहितात. इंजिन बंद असताना 12.8, चालू असताना 14.2, आणि सेल्फ फिरताना खुंटीवर आणि बॅटरीवर जे दोन आकडे येतात त्यांच्यातला फरक, जो कागदावरच्या हिशेबापेक्षा किंचित जास्तच निघाला. तो जोडांमधला असणार.

राहिली ती नळी. या एजीएमच्याही झाकणाच्या कडेला भोक आहे, आणि त्यात बसणारा, नळी जोडायचा प्लास्टिकचा कोपरा दुकानदाराने डब्यातून काढून "हे लागत नाही" म्हणून बाजूला ठेवला होता, तो मी मागून घेतला. रेग्युलेटर कधी ना कधी पुन्हा बिघडेल, झडप तेव्हा उघडेल, आणि उघडली की जे येईल ते सीटमागे येऊ नये. पारदर्शक नळी डिकीच्या तळातून खाली काढली आहे, चाकाचा चिखल थेट उडणार नाही अशा बाजूला, टोक मागच्या दिशेला तिरके कापून. दुसऱ्या बाजूच्या भोकाला बूच आहे, कारण तेही उघडे ठेवले तर नळीला काही अर्थ नाही. मिस्त्री म्हणतात हे अती आहे. असेल. पावसाळ्यात राधानगरीच्या रस्त्यावरून आल्यावर नळीचे तोंड लाल मातीने बुजते असे दिसून आले आहे, म्हणून गाडी धुताना त्यात बारीक तार घालून पाहण्याचे काम आता भाच्याकडे दिले आहे.